मामाची मांडी

सात रस्ता, सोलापूर
शनिवार, दुपार

प्रिय आरू,

हे पत्र हारूनभाईच्या हाती पाठवतेय. आहेराच्या ताटात ठेवायचं नाही, थेट तुझ्या हातात द्यायचं, असं त्याला दहादा बजावलंय. मिळालं की न्हाणीघरात जा, कडी लाव आणि उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाच. मध्येच ‘ताईचं सुरू झालं’ म्हणून घडी घालून ब्लाऊजमध्ये खोचू नकोस. दहावीच्या वेळी मी लिहून दिलेला अभ्यासाचा उपदेश तू असाच खोचला होतास आणि तो धुण्यात गेला होता. ते मी अजून विसरले नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोन केले की गं. परवापासून करतेय. पहिल्यांदा तुझ्या सासूबाईंनी उचलला, म्हणाल्या ती पाहुण्यांच्या गडबडीत आहे. दुसऱ्यांदा म्हणाल्या, जावळ होऊन जाऊ द्या, मग बोला की निवांत बहिणीबहिणी. तिसऱ्यांदा त्यांनी स्पष्टच सांगितलं, आवाज न चढवता, की ज्या घरातलं लेकरू नुकतंच गेलंय तिथला फोन शुभकार्याच्या तोंडावर लेकुरवाळीच्या कानाला नको. मला जावळाचं बोलावणं का नाही, तेही तेव्हा कळलं. तुझा फोन त्यांच्याच हातात, म्हणजे मेसेज केला तरी त्याच वाचणार. तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडत बसायला वेळ नाही. तुझ्या सयाजीरावांना लावला तर त्यांचा फोन बंद, मंडपवाल्याकडे फिरत असतील. मग डोक्यात आलं, मला अडवतील, आईला अडवतील, पण अण्णूच्या मामाला, हारूनभाईला, कोण अडवेल? त्याच्याशिवाय जावळ होत नाही, आणि तो आदल्या दिवशी मुक्कामाला येतो ही रीतच आहे.

विषय अण्णूचा आहे. त्याच्या जिवाचा आहे. ‘घाबरू नकोस’ असं लिहिणार होते, पण खरं सांगते, थोडी घाबर.

दिवाळीत तू त्याचा फोटो पाठवला होतास. आजोबा अण्णारावांनी आणलेलं जरीचं टोपडं घातलेला, त्यांच्यासारखाच भुवया चढवून बसलेला. खाली तू बोलून पाठवलंस, की ताई, याला सारखं जुलाबाचं लागतंय, अंगाला काही धरत नाही, दूध कितीही पाजलं तरी पुन्हा तोंड उघडतो, आणि दुपटी वाळवून वाळवून मी मेले. गालावरचे चट्टे उन्हाने, असं सासूबाई म्हणतात, आणि जुलाब दातांमुळे. तू हसत होतीस बोलताना. मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला. तोंडाच्या कडेला लाल, वर पांढुरके खवले, टोपड्याच्या काठाखालीही तेच. आरू, मला तो फोटो माझ्या अभिमन्यूचा वाटला. माझा फोन हातातून खाली पडला, काच फुटली. तुझ्या भाऊजींना, गुरुंना, मी सांगितलं की साबणाच्या हाताने निसटला.

अभीचं आम्ही तुला नीट सांगितलंच नाही. तुला आठवा लागला होता तेव्हा तो आजारी पडला आणि अण्णू महिन्या-दीड महिन्याचा असताना गेला. जुलाब झाले आणि गेला, एवढंच आईने तुला कळवलं. तुझं दूध आटू नये म्हणून. आता ऐक. जन्मला तेव्हा लई गुटगुटीत होता, तू बघितलाच होतास. पंख्याकडे बघून हसायचा, आणि हारूनभाईने खालून गाडीचा हॉर्न दिला की पाय झाडायचा. मग गालावर चट्टे आले. मग जुलाब. औषध दिलं की चार दिवस बरे, पुन्हा तेच. मग तहान. एवढंसं लेकरू, वाटीतलं पाणी बघून रडायचं. आणि एक दिवस रक्त तपासलं तर साखर म्हाताऱ्या माणसाला असते तेवढी. लेकराला मधुमेह कसा होतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

इथले आपले डॉक्टर म्हातारे, सज्जन माणूस. त्यांना शंका आली होती, आरू. कातडी, पोट, साखर, सगळं एकदम कसं बिघडतंय, हे घराण्यात तर नाही ना, म्हणून त्यांनी आम्हाला समोर बसवून विचारलं. मला विचारलं, तुम्हाला भाऊ आहेत का? मी म्हणाले, आहे की एक. हारूनभाई माझ्या मागे पिशवी धरून उभा होता. तो छाती पुढे काढून म्हणाला, “मी की डॉक्टर. मामा मीच.” डॉक्टरांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. पाच फूट अकरा इंचांचा गडी, कधी सर्दी नाही. मग आईला विचारलं, तुम्हाला भाऊ? आई म्हणाली, हाय की, साठी उलटली तरी पोतं उचलतोय. शेखलालमामा. त्यांनी लिहून घेतलं असावं, आईकडचे पुरुष निरोगी. मग विचारलं, घरात कोणाची मुलं लहानपणी दगावलीत का? मी अभीचं दुपटं सारखं करत बसले. आजारी लेकराच्या उशाशी गेलेल्या लेकराचं नाव काढायचं नसतं, हे आपल्याला चालायला लागल्यापासून शिकवलंय. आई अभीच्या पायावर हात ठेवून खाली बघत राहिली.

यात कोण खोटं बोललं, सांग. मला खरोखर तेव्हा आठवलंही नाही की हारूनभाई माझ्या आईच्या पोटचा नाही. कसं आठवेल? आपण दोघी त्याला राखी बांधतो, त्याच्या आधी आई त्याच्या बापाला, शेखलालमामाला, बांधत आली. शेखलालमामा बाबांच्याच चादरीच्या कारखान्यात टेंपोवर होता, आणि माझे कान टोचायला मामा नाही म्हणून आई रडत बसली तेव्हा बाबांनी त्यालाच मांडीवर घ्यायला बोलावलं होतं, ही गोष्ट तुला पाठ आहे. तुझे कान टोचले ते मी बघितलंय. तू त्याच्या अंगठ्याला असा चावा घेतलास की सोनाराने आधी त्यालाच हळद लावली. माझ्या लग्नात मामा म्हणून माझ्यामागे तोच उभा होता, नवीन टोपी घालून, आणि माझ्यापेक्षा जास्त तोच रडला. अभीचं जावळ हारूनभाईच्या मांडीवर झालं. आपल्या घरात मामा नाही, असं मला आयुष्यात कधी वाटलंच नाही, एवढं त्या दोघांनी ते भरून काढलं.

ते जावळही सांगते. अभीच्या डोक्यावर तेव्हाच खवले होते. न्हावी वस्तरा लावायला कचरत होता. पण मुहूर्त, पाहुणे, माझ्या सासूबाई. केस निघाले की कातडी साफ होते, असं सगळ्यांचं म्हणणं. हारूनभाईने मांडीवर घट्ट धरलं. दोन ठिकाणी रक्त आलं आणि त्या जखमा भरल्याच नाहीत. पिकल्या, ताप चढला. त्या तापातच आम्ही त्याला घेऊन पुण्याला पळालो. तिथल्या डॉक्टरबाईंनी बघितल्याबरोबर रक्त काढून कुठल्याशा मोठ्या तपासणीला पाठवलं, पण तोवर अभी थकला होता.

तपासणीचा रिपोर्ट कधीच आला होता. पुण्याहून दोनदा फोन आला, घेऊन जा म्हणून. आम्ही गेलो नाही. गेलेल्या लेकराचा रिपोर्ट आणून कुठं ठेवायचा? पण तुझा फोटो बघितला आणि शाळेत रजा टाकून मी एकटीच गेले. बुधवारी. डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं आणि तासभर माझ्याशी बोलल्या.

त्यांनी सांगितलं ते तुला माझ्या भाषेत सांगते. रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, ते तुला ठाऊक आहे. पण त्यातल्या काही माथेफिरू निघतात. बाहेरचा कोण, घरचा कोण, न बघता तुटून पडतात. त्यांना आवरायला दुसऱ्या पेशी असतात, आणि त्या घडतात एका प्रथिनाच्या हुकमावर. फॉक्सपी-थ्री म्हणतात त्याला. हे प्रथिन जनुकांवर जाऊन बसतं आणि कुठलं जनुक चालू करायचं, कुठलं बंद ठेवायचं, ते ठरवतं. बाबांच्या मागावरचं जेकार्ड आठवतंय? सूत सगळं तेच, पण भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यावर ठरायचं की कुठला धागा वर उचलायचा. पुठ्ठा फाटला की चादरीवरच्या मोराला भलतीकडेच पाय फुटायचे आणि बाबा शिव्या घालत माग थांबवायचे. अभीचा तो पुठ्ठा जन्मापासून फाटका होता. आवरणाऱ्या पेशी घडल्याच नाहीत. मग त्याच्याच रक्ताने त्याची कातडी खाल्ली, आतडी खाल्ली, साखर सांभाळणारी ग्रंथी खाल्ली. मी दूध कमी पाजलं नव्हतं, आरू. कोणाची नजर लागली नव्हती. घरी येऊन मी हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, प्रोटीन कमी होतं तर डाळीचं पाणी द्यायचं होतं. मी त्यांना समजावत बसले नाही.

मग डॉक्टरबाईंनी कागदावर घराणं काढायला घेतलं. मुलगी म्हणजे गोल, मुलगा म्हणजे चौकोन. तुम्हाला भाऊ? मी पुन्हा म्हणाले, एक. त्यांनी चौकोन काढला आणि पेन थांबवलं. सख्खा का, म्हणून विचारलं. मी म्हणाले, नाही, मानलेला. त्यांनी चौकोनावर काट मारली. मग आईच्या भावावरही काट. आता सांगा, त्या म्हणाल्या, आईला मुलगे झालेच नाहीत का? तेव्हा मला आपला भाऊ आठवला. तुझ्या आधीचा, माझ्या पाठीवरचा. मी चार वर्षांची होते. त्याच्या गालाला आई खोबरेल लावायची आणि तो ओरडायचा, एवढंच मला आठवतं. तोही पहिल्या वाढदिवसाआधीच गेला. आणि रंभाआजीचे दोन मुलगे, आईचे भाऊ, तेही पाळण्यातच गेले. चार चौकोन त्यांनी काळे केले. त्यांना जोडणाऱ्या रेघेवर आजी, आई आणि मी, तीन गोल.

आपल्याकडे या चारांची कधी एक बेरीज झालीच नाही बघ. आजीचे गेले ते उजनीच्या पाण्याने, कारण गावचा म्हसोबा धरणात बुडाला. खरं म्हणजे थोरला धरणाची भिंत उठायच्या आधीच गेला होता, पण आजीला ते कोण सांगणार. आईचा गेला तो बाबांच्या घरच्या खंडोबाचं जागरण राहिलं म्हणून. माझा गेला तो गुरुंच्या गावच्या देवाला आम्ही नारळ फोडला नाही म्हणून. घर वेगळं, आडनाव वेगळं, देव वेगळा. प्रत्येक वेळी सासरच्यांनी आपलंच घराणं तपासलं. मी शाळेत इतिहास शिकवते, राजघराण्यांच्या वंशावळी फळ्यावर काढते, बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. त्यात आई कुठं असते? आणि हा आजार तर आईकडूनच येतो. आपल्याकडे त्या जनुकाच्या दोन प्रती, एक फाटकी असली तरी दुसरी काम भागवते, म्हणून आपण ठणठणीत. मुलाला आईकडून एकच मिळते. फाटकी मिळाली की संपलं.

तुला ती मिळाली असेलच असं नाही. अर्धी शक्यता. मिळाली असली तरी अण्णूपर्यंत आली असेलच असंही नाही, तिथेही अर्धी. डॉक्टरबाईंनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. पण मी त्यांना अण्णूचा फोटो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “या बाळाला मला लवकर दाखवा. हा वेळेत आलाय.” अभी वेळेत आला नव्हता. मला अभीच दिसत होता, आणि त्यातच कुठंतरी आनंदही झाला. माझा मला राग आला त्याचा. वेळेत आलं तर त्या माथेफिरू पेशींना शांत ठेवणारं औषध असतं, साखरेला इन्सुलिन असतं, आणि पुढे दुसऱ्याच्या हाडातली मज्जा घालून आवरणाऱ्या पेशी नव्याने उभ्या करता येतात. खात्री कोणी देत नाही. वाट आहे, एवढंच म्हणाल्या. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळायची शक्यता चारात एक असते. तुझ्याकडे रेवा आहे. अभीला बहीण नव्हती.

आता कडू घोट. हा कागद तुझ्या घरी कळला की बोट तुझ्याकडे वळेल. माझ्याकडे वळलंच आहे. माझ्या सासूबाई पहिल्या झटक्यात म्हणाल्या, म्हणजे खोट तुमच्याकडचीच. गुरु तिथंच बसले होते. नंतर त्यांनी माझ्या हातातली भांडी घेऊन घासली, पण बोलले नाहीत. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते. तुलाही ऐकावं लागेल. ऐकून घे. उत्तर द्यायला आयुष्य पडलंय. सयाजीराव समजूतदार आहेत, रिपोर्टची झेरॉक्स सोबत आहे, ती त्यांना एकट्याला दाखव.

हारूनभाईबद्दल एक. त्याला सगळं सांगितलंय, सांगावंच लागलं. तेव्हापासून तो जेवत नाही, त्याची आई, मुमताजमामी, काल माझ्याकडे येऊन रडली. मला म्हणाला, “वैजू, मी गप बसलो असतो तर अभी राहिला असता काय?” नसताच राहिला कदाचित, मला माहीत नाही. मी म्हणाले, तू नसतास तर आम्हाला मामा म्हणजे काय हेच कळलं नसतं. ते खरं आहे, पण त्याला पुरलं नाही. तू त्याच्याशी नीट बोल. त्याच्यासमोर रडू नकोस, तो कोलमडेल.

खाली हॉर्न वाजला. हारूनभाई गाडीत हवा भरून आला वाटतं. आता नीट ऐक, कारण एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. उद्याचं जावळ होऊ देऊ नकोस. अण्णूच्या डोक्याला वस्तरा लागता कामा नये. हारूनभाई आहेर घेऊन येतोय, सगळं रीतीप्रमाणे आहे, तुझं लुगडं, झबलं, चांदीचे वाळे, पण तो मुक्कामाला येत नाही. तो तुम्हाला न्यायला येतोय. पिशवीत साखर तपासायचं मशीन आहे. दारातच अण्णूच्या टाचेतून थेंबभर रक्त काढून बघा, आकडा बघून सयाजीराव स्वतःच चप्पल घालतील. आकडा बरा निघाला तरी निघा. पुण्यात डॉक्टरबाईंशी बोलून ठेवलंय, आज कितीही उशीर झाला तरी भरती करून घेतील, मी इथून बसने परस्पर तिथं पोहोचतेय. मी खोटी ठरले, नुसते दातच निघाले, तर तुझ्या सासूबाईंच्या दारात येऊन नाक घासेन आणि पुढच्या मुहूर्ताचा सगळा स्वयंपाक एकटी करेन. देव करो आणि मला तो स्वयंपाक करायला लागो. गाडी हारूनभाईचा जोडीदार धनाजी चालवणार आहे. हारूनभाईला मी मुद्दामच चालवू दिली नाही. तो मागे बसेल. भाच्याला मांडीवर घ्यायचा मान त्याचा आहे, तो त्याला दे, तुझ्या नातेपुत्यापासून पुण्यापर्यंत.

तुझ्याआधी पोहोचून दवाखान्याच्या दारात उभी असलेली,
तुझीच,
वैजूताई